शब्द टाकणाऱ्याच्या हाती एक वाक्य हवं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू 26 वर्षांचा, कोकणातल्या खेड तालुक्यातला, बी.एस्सी. केमिस्ट्री. अडीच वर्षं नवी मुंबईत महापेच्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये आहेस आणि कोपरखैरण्याला चौघांत मिळून एका खोलीत राहतोस. तुला रेग्युलेटरी विभागात, म्हणजे औषधाला सरकारी परवानगी मिळवण्याचं काम बघणाऱ्या विभागात जायचंय. तू लिहितोस, ‘ताई, जो तो म्हणतो नेटवर्किंग कर. माझी मुंबईत कोणाशी ओळख नाही. इंग्रजी बेताचं आहे. आणि खरं सांगायचं तर कामापुरती माणसं जोडणं मला मतलबीपणाचं वाटतं. मग मी काय करू? तुमच्याकडे सीव्ही पाठवून ठेवू का?’

मी 23 वर्षं मुंबई-ठाण्यात औषध आणि रसायन कंपन्यांना माणसं मिळवून देण्याचं काम करते आहे. तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते.

मतलबीपणाची जी टोचणी तुला लागते, ती चांगली आहे, ती घालवू नकोस. पण तिच्यामुळे तू हात बांधून बसला आहेस. तू दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं आहेस. आपल्याकडे वशिला आणि शब्द टाकणं हे दोन निराळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. वशिल्यात तुझं काम कसं आहे हे कोणी विचारत नाही, वरच्याचं वजन पुरतं. शब्द टाकणारा मात्र स्वतःची पत पणाला लावतो. उद्या तू कच्चा निघालास तर लोक त्याच्याकडे बघणार असतात. म्हणून शब्द टाकण्याआधी तो मनातल्या मनात एकच गोष्ट तपासतो: या मुलाबद्दल मला स्वतःला माहीत असलेलं, छातीवर हात ठेवून सांगता येईल असं काय आहे?

मला रोज असे फोन येतात. विभागप्रमुख विचारतात, ‘ओळखीत कोणी आहे का?’ मी आणखी तिघांना विचारते. इतक्या वर्षांत मला मिळालेलं कामाचं उत्तर नेहमी एका वाक्याचं होतं. ‘ऑडिटच्या आदल्या रात्री लॉगबुकमधली चूक त्याने स्वतः येऊन सांगितली.’ ‘ती मुलगी प्रश्न विचारते, पण तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारत नाही.’ ‘त्याला काम दिलं की मागे लागावं लागत नाही.’ एवढंच. अशा एका वाक्यावर मुलाखत लागते. ‘तो फार छान मुलगा आहे’ यावर लागत नाही, कारण त्यात सांगणाऱ्याने काही पाहिलेलं नसतं.

तेव्हा तुझं खरं काम ओळखी वाढवणं हे नाही. काही माणसांना तुझ्याबद्दल असं एक खरं वाक्य सांगता आलं पाहिजे, इतक्या जवळून त्यांनी तुझं काम पाहिलेलं असलं पाहिजे. तिथे मतलबाचा प्रश्नच उरत नाही, कारण ते वाक्य खोटं बनवता येत नाही.

मुंबईतलाच एक प्रसंग सांगते. चर्नी रोडच्या बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर संध्याकाळी वाचत बसायचे. ते विल्सन हायस्कुलात शिक्षक होते, शिवचरित्र आणि बुद्धचरित्र लिहिणारे लेखक होते. त्याच बागेत शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसायचा. त्यांनी चौकशी केली, पुढे त्याला पुस्तकं द्यायला लागले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. 1907 साली ते मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराची सभा झाली. अध्यक्ष सीताराम केशव बोले होते, आणि केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिलं. कॉलेजच्या खर्चाची अडचण उभी राहिली तेव्हा केळुसकरच त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली, एल्फिन्स्टन कॉलेजातलं शिक्षण पुरं झालं, आणि पुढे 1913 साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले.

बाबासाहेबांची बुद्धी आणि त्यांचे कष्ट त्यांचे स्वतःचे होते, त्याचं श्रेय दुसऱ्या कोणाला जात नाही. मला इथे केळुसकरांकडे बघायचंय. ना नात्याचा, ना जातीचा असा हा माणूस महाराजांपुढे उभा राहिला तेव्हा त्याच्यापाशी ऐकीव काही नव्हतं. या मुलाला वाचताना मी स्वतः पाहिलं आहे, एवढं तो सांगू शकत होता. आणि ते त्याला दिसलं, कारण तो मुलगा पुन्हा पुन्हा त्याच जागी, आपलं काम करत बसलेला असे.

आता ‘माझी कोणाशी ओळख नाही’ याकडे येऊ. हे तुला मनापासून वाटतं, पण ते खरं नाही. ओळख म्हणजे मित्र आणि नातेवाईक, असं तू धरून चालला आहेस. 1973 साली मार्क ग्रानोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. बोस्टनजवळच्या एका उपनगरात नुकत्याच नोकऱ्या बदललेल्यांना त्याने विचारलं, की ज्याच्याकडून ही नोकरी कळली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त, असं सांगणारे जेमतेम 17 टक्के निघाले. अधूनमधून भेट व्हायची म्हणणारे सुमारे 56 टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी म्हणणारे सुमारे 28 टक्के. नोकरीची बातमी जिवलगांकडून कमी आणि तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त आली होती. कारण अगदी साधं आहे. तुझ्या खोलीतल्या तिघांना जे माहीत आहे, ते बहुतेक तुलाही माहीत असतं. दूरच्या माणसाचं जग वेगळं असतं.

ती पाहणी लहान होती. 2022 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या 2 कोटी वापरकर्त्यांवर, पाच वर्षांच्या माहितीवरून केलेला अभ्यास आला. त्यातही कल तोच दिसला, पण एक बारकावा पुढे आला. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडली ती मधली माणसं, अगदी जवळची नव्हेत आणि अगदी परकीही नव्हेत. माझ्या कामात मला हेच दिसतं. पूर्ण अनोळखी माणूस तुझ्याबद्दल काही सांगू शकत नाही. जवळच्या माणसापाशी सांगायला पुष्कळ असतं, पण जिथे सांगायचं तिथवर तो पोचत नाही.

मग तुझी ही मधली माणसं कुठे आहेत? तुमच्या लॅबमध्ये एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, बिघडलं की जो सर्व्हिस इंजिनिअर येतो, त्याच्याशी तू कधी दोन वाक्यांपलीकडे बोलला आहेस का? तो महिनाभरात तुर्भे, रबाळे, तारापूर, अंबरनाथ इथल्या कितीतरी लॅबमधून फिरतो. कुठे नवीन यंत्रं लागली, कुठला विभाग वाढतोय, कुठे माणसं टिकत नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. मी या धंद्यात नवखी होते तेव्हा मला खऱ्या बातम्या द्यायचे ते हेच लोक. रसायनं आणि एचपीएलसीत लागणारे कॉलम पुरवणाऱ्यांचे प्रतिनिधी, बाहेरच्या टेस्टिंग लॅबमधला तो मुलगा ज्याच्याशी तू नमुन्यांबद्दल फोनवर बोलतोस, गेल्या वर्षी तुमच्याकडून सोडून गेलेली सीनियर, कॉलेजातले दोन वर्गमित्र जे लोट्याच्या एमआयडीसीत लागले: ही सगळी तुझी माणसं आहेत. तू त्यांना ‘कामानिमित्तचे’ म्हणून बाजूला ठेवलंस. आणि तू खेडचा आहेस. तुमच्या वाडीचं मुंबई मंडळ असणारच. लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्यांनी गिरणीत लागणाऱ्या कोकणी मुलाला एके काळी पथारीपुरती जागा आणि पहिली नोकरी दोन्ही दिली. गिरण्या गेल्या, खोल्याही बहुतेक गेल्या, पण मंडळं अजून आहेत.

मंडळाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गावकी बहुतेक वेळा जातीच्या रेषेवर उभी असते. आतल्याला ती हात देते आणि बाहेरच्याला दार दाखवते. नोकरभरतीतही हेच होतं. ‘ओळखीतला बघा’ म्हटलं की पुष्कळदा आडनाव बघितलं जातं. मी हे पाहिलं आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांत गप्प राहून मी त्यात सामीलही झाले आहे. आज माझा नियम आहे, की कोणी आडनावावरून माणूस मागितला तर ते काम मी घेत नाही. तुझ्या हातात उद्या दोन जागा आल्या तर आपल्या वाडीबाहेरच्या मुलालाही त्या कळव. केळुसकरांनी आपल्या वर्तुळाबाहेर बघितलं म्हणून ते आज आठवतात.

आता तुझ्या प्रश्नाचा गाभा: रेग्युलेटरीत जायचं तर तुझ्याबद्दलचं ते एक वाक्य कुठलं?

तू स्टॅबिलिटीचे, म्हणजे औषध किती काळ टिकतं हे बघण्यासाठी ठेवलेले नमुने तपासतोस असं लिहिलं आहेस. मग तू समजतोस त्याहून तू त्या दाराच्या जवळ आहेस. परदेशात किंवा इथे औषधाला परवानगी मागताना जे डॉसियर (कागदपत्रांचा संच) जातं, त्याच्या सीटीडी नावाच्या मांडणीत पाच मॉड्यूल असतात. तिसरं गुणवत्तेचं. तुझी स्टॅबिलिटी तिथे जाते: 40 अंश सेल्सिअस आणि 75 टक्के आर्द्रतेला सहा महिने, उष्ण आणि फार दमट देशांसाठी 30 अंश आणि 75 टक्क्यांवरचा दीर्घकाळचा अभ्यास. तू ज्या आकड्यांवर सही करतोस तेच आकडे वरच्या मजल्यावरची आरएची, म्हणजे रेग्युलेटरी विभागाची माणसं तक्त्यात बसवतात, आणि एखादा महिना गायब असला, एकक वेगळं पडलं किंवा एखादी अशुद्धता अचानक वाढली आणि खुलासा नसला की त्यांनाच नियामकाच्या क्वेरीला उत्तर द्यावं लागतं.

अडीच वर्षांत तू त्यांच्या टेबलापर्यंत कधी गेला आहेस का? मी हा प्रश्न क्यूसीतल्या कितीतरी मुलांना विचारते आणि बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असं येतं. नेटवर्किंगसाठी ती बीकेसीतल्या परिषदेची फी भरायला तयार असतात, पण एक जिना चढून जात नाहीत.

जा. आधी तुझ्या वरिष्ठांना सांगून जा, त्यांना डावलून जाऊ नकोस. तिथल्या माणसाला ‘मला तुमच्या विभागात यायचंय’ असं म्हणू नकोस. विचार: ‘आमच्याकडून येणाऱ्या स्टॅबिलिटीच्या डेटात तुम्हाला नेहमी काय दुरुस्त करावं लागतं?’ दोन मिनिटं तो तुझ्याकडे बघत राहील, कारण हे त्याला कोणी विचारलेलं नसतं. मग तो चार गोष्टी सांगेल. त्यातली तुझ्या अधिकारातली, पद्धतीत बसणारी एक गोष्ट पुढच्या खेपेला नीट करून पाठव. तिसऱ्या खेपेला दुसरी. सहा महिन्यांनी त्या विभागातला कोणीतरी म्हणेल, ‘त्याच्याकडून आलेल्या फाइलवर आम्हाला परत फोन करावा लागत नाही.’ हे तुझं वाक्य. तुमच्याकडे जागा निघाली तर ते तिथेच कामाला येईल, आणि तो माणूस दुसऱ्या कंपनीत गेला, औषधधंद्यात माणसं जातातच, तर ते वाक्य त्याच्याबरोबर जाईल.

एक सावधगिरी. कंपनीचा एकही आकडा, एकही कागद, स्क्रीनचा एकही फोटो बाहेर कोणाला दाखवायचा नाही, शिकवणाऱ्यालाही नाही. तुला वाटेल मदत मागताना उदाहरण दिलं तर काय बिघडलं. पुष्कळ बिघडतं, आणि ‘हा आतलं बाहेर दाखवतो’ हे वाक्यही कायमचं चिकटतं.

बाहेरच्या वर्तुळासाठी एकच जागा निवड आणि तिथे दोन वर्षं टिक. रोज नवीन कार्यक्रमाला जाणारा माणूस सगळ्यांना दिसतो, पण कोणालाच आठवत नाही. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून काम करते आहे, तिचं विज्ञान भवन शीव-चुनाभट्टीला आहे. तिथल्या उपक्रमांना रसायनशास्त्र येणारी, मराठीत समजावून सांगू शकणारी माणसं हवी असतात, आणि तिथे तुझं बेताचं इंग्रजी आड येणार नाही. अगदी धंद्याचंच वर्तुळ हवं असेल तर इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनचं मुख्यालय कलिन्यात आहे, तिथल्या व्याख्यानांवर लक्ष ठेव. दोन्हीकडे जाऊ नकोस, एकीकडे जा. आणि खुर्चीवर बसून परत येऊ नकोस. नावनोंदणीचं टेबल, प्रयोगाचं सामान, हिशेब असं काहीतरी अंगावर घे. ज्याच्याशेजारी उभं राहून तुम्ही दोन तास टेबलं हलवली, त्याच्याशी बोलायला विषय शोधावा लागत नाही. गणपती मंडळात पावतीपुस्तकाचा हिशेब चोख ठेवणारा मुलगा सगळ्या गल्लीला ठाऊक असतो, भाषण करणारा तेवढा ठाऊक नसतो. तुझ्यासारख्या कमी बोलणाऱ्याला हीच वाट बरी.

आता मागायचं कसं. इथे मराठी मुलं सर्वांत जास्त मार खातात, कारण भीड. आपण वर्षभर काही मागत नाही आणि मग अगदी गळ्याशी आलं की एकदम ‘सर काहीतरी करा’ म्हणतो. समोरच्याला काय करायचं तेच कळत नाही. नुसतं ‘हाय सर’ पाठवून वाट बघणं, ‘प्लीज गाइड करा’ लिहिणं, न विचारता सीव्ही चिकटवणं, या तिन्हींनी काम समोरच्या माणसावर ढकललं जातं. त्यापेक्षा असं लिही:

‘नमस्कार मॅडम. मी अमुक. महापेला क्यूसीत स्टॅबिलिटी बघतो. आपण चार वर्षांपूर्वी क्यूसीतून आरएत गेलात असं आमच्या एचपीएलसीच्या सर्व्हिस इंजिनिअरनी सांगितलं, आणि त्यांना विचारूनच हा मेसेज करतोय. मला एकच विचारायचंय: त्या बदलासाठी आपण आधी काय शिकलात? पंधरा मिनिटं फोनवर किंवा आपल्या सोयीच्या स्टेशनजवळ भेटून बोलता येईल. नाही जमलं तरी हरकत नाही.’

यात कोण, कोणामार्फत, काय हवं, किती वेळ, आणि नाही म्हणायची मोकळीक, सगळं आलं. नोकरी मागितलेली नाही. पंधरा मिनिटं म्हटलीस तर पंधराव्या मिनिटाला तूच उठ. वाढवायचं असेल तर ते वाढवतील. आणि मुंबईतला एक साधा शिष्टाचार पाळ: ज्याच्याकडून वेळ हवा, त्याच्या लाइनवर जायचं. बोरिवलीला राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी ठाण्याला बोलवायचं नाही. ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथून दादर, मग वेस्टर्न, हा दीड-दोन तासांचा प्रवास तू करायचास. ती व्यक्ती स्त्री असेल तर जागा आणि वेळ तिला ठरवू दे, चारचौघांत बसता येईल अशी. समोरचं माणूस मराठी असेल तर मराठीतच बोल. नसेल तर तोडकं हिंदी-इंग्रजी चालतं. डेटा स्वच्छ ठेवणाऱ्या मुलाचं व्याकरण कोणी तपासत बसत नाही. रेग्युलेटरीत लेखी इंग्रजी मात्र लागतं, ते आजपासून रोज अर्धा तास घासून काढ. त्यावर माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

आता जे सांगणार आहे ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते मी माझ्याच चुकीतून शिकले.

मी नवीन असताना एका वयस्क अधिकाऱ्यांनी माझ्यासाठी एका मोठ्या कंपनीत शब्द टाकला. भेट झाली, पण ते काम मला मिळालं नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांना काही कळवलंच नाही. आज कळवू, उद्या कळवू करत वर्ष गेलं. मध्यंतरी त्या कंपनीच्या माणसाने त्यांना कुठेतरी गाठून विचारलं, ‘तुमच्या त्या बाईंचं पुढे काय झालं?’ त्यांना काही माहीत नव्हतं. आपणच पाठवलेल्या माणसाची खबर आपल्याला नाही, हे त्यांना चारचौघांत सोसावं लागलं. नंतर त्यांनी माझ्यासाठी कधीच शब्द टाकला नाही. रागावलेही नाहीत, नुसते थांबले. हे मला फार उशिरा, तिसऱ्याकडून कळलं. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, ‘काम झालं नाही याचं काही नव्हतं गं. तू सांगितलं नाहीस.’

म्हणून कळवत जा. ज्याने नाव सुचवलं त्याला भेटीच्या दिवशी संध्याकाळी दोन ओळी, निकाल लागल्यावर दोन ओळी, आणि नकार आला तरी दोन ओळी. नकार तर आधी कळव. त्या अधिकाऱ्यांनी शिकवलेलं आणखी एक: कोणी पुस्तक किंवा अभ्यासक्रम सुचवला तर तो वाचून महिन्याभरात त्यांना सांगायचं की यातलं अमुक मला कळलं, अमुक कळलं नाही. माझ्या अनुभवात वीसातला एखादाच असं करतो. तो विसरला जात नाही.

माझ्याकडे एक साधी वही आहे, त्यात माणसाचं नाव, शेवटचं बोलणं कधी आणि कशाबद्दल झालं, आणि त्यांना तेव्हा कशाची काळजी होती, एवढं लिहिते. मुलीची बारावी, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, पागडीच्या घराचा वाद. हे लिहून ठेवणं तुला बनावट वाटेल. मला सुरुवातीला वाटलं होतं. पण माझी आठवण तोकडी आहे आणि माणसं मला महत्त्वाची वाटतात, म्हणून लिहिते. ऑपरेशननंतर महिन्याने ‘आई चालायला लागल्या का?’ असं विचारताना मी काही मागत नसते. संक्रांतीला आणि दसऱ्याला मी चाळीसेक फोन करते. आलेले शुभेच्छांचे फोटो फॉरवर्ड करत नाही.

तू विचारशील, माझ्याकडे देण्यासारखं काय आहे. बरंच आहे. कोपरखैरण्यात कॉट रिकामी झाली की ती खबर नवीन येणाऱ्या मुलापर्यंत पोचव. मुंबईत पहिल्या महिन्यात राहायला जागा सांगणारा माणूस जन्मभर लक्षात राहतो. तुला न जमणारी जागा दिसली तर ज्याला जमेल त्याला कळव. ज्या मॅडमनी तुला वेळ दिला त्यांच्या मुलाला केमिस्ट्री अडत असेल तर दोन रविवार बस, पण ते उपकार फेडल्यासारखं नको.

आणि ज्यांच्याकडे काहीच तारण नसतं, त्यांची पत एकमेकांच्या साक्षीवर उभी राहते, हे याच शहराने दाखवलं आहे. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायका उधारीवर गिरणी कामगारांना जेवू घालायच्या आणि स्वतः सावकाराच्या व्याजात बुडायच्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायका एकमेकींच्या भरवशावर बँकेच्या कर्जापर्यंत पोचल्या. कोणाच्या नावावर घर नव्हतं. पण प्रत्येकीला तिच्या शेजारणीने रोज पहाटे चूल पेटवताना पाहिलेलं होतं. तुझ्या खोलीतल्या चौघांनीही एकमेकांबद्दल अशी साक्ष देता येईल इतकं एकमेकांचं काम ओळखावं.

काही गोष्टी पटकन सांगून टाकते. नोकरी लावतो म्हणून आगाऊ पैसे, ‘प्रोसेसिंग’ किंवा ‘डिपॉझिट’ मागणारा माणूस तुझ्या गावचा असला तरी तिथून उठ. जागा भरून देण्याचे पैसे आमच्यासारख्यांना कंपनी देते, उमेदवार नाही. ‘माझी वरपर्यंत ओळख आहे’ हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकलं, त्यांच्याकडून मला कधी काम झालेलं आठवत नाही. तू लिहिशील त्यातले निम्मे लोक उत्तर देणार नाहीत. दहा दिवसांनी एकदा आठवण कर, मग सोडून दे, मनात अढी ठेवू नकोस. आणि काही नाती वापरायचीच नाहीत. खोलीतल्या जिवलग मित्राला त्याच्या साहेबाकडे भीड घालायला लावू नकोस, तो नाही म्हणू शकत नाही.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, सीव्ही पाठवू का. आत्ता पाठवलास तर माझ्याकडच्या शेकडो फाइलींत तो एक होईल: बी.एस्सी., क्यूसी, अडीच वर्षं. मला त्यावरून कोणाला काही सांगता येणार नाही. या आठवड्यात तो जिना चढ. आरएच्या माणसाने काय सांगितलं ते, कंपनीचं नाव आणि आकडे न घालता, मला अर्ध्या पानात लिहून पाठव. मग त्यातलं पहिलं तू जेव्हा बदलशील तेव्हा पुन्हा दोन ओळी. डिसेंबरपर्यंत अशी चार पत्रं आली तर सीव्ही मीच मागून घेईन, कारण तोवर तुझ्याबद्दल सांगायला माझ्यापाशी काहीतरी असेल.